थेअरी मॅडमची सही

आमच्या थेअरी मॅडमनी शेवटची सलाईन लावली त्याला किती वर्षं झाली होती, हे त्यांनाही आठवत नव्हतं. एकदा वर्गातल्या एका मुलीनं साळसूदपणे विचारलं, "मॅडम, सुकलेल्या पेशंटची शीर सापडत नाही, तुम्ही एकदा दाखवता का?" मॅडमनी चष्मा पुसला आणि शीर शोधण्याआधी माणूस कसा शोधावा, यावर पाऊण तास बोलल्या. तोवर वॉर्डातल्या सिस्टरनं शीर शोधून सलाईन लावूनही टाकली होती. अर्धी बाटली संपली होती.

मी त्यांची विद्यार्थिनी झाले तेव्हा माझी आयसीयूत बारा वर्षं झाली होती. नांदेडहून विष्णुपुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं आणि त्याच आवारात नर्सिंग कॉलेज. तिथं नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा कोर्स सुरू झाला आणि मी नोकरी सांभाळून फॉर्म भरला. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे नर्सच, पण ठरवून दिलेल्या चौकटीत तिला पेशंट तपासता येतो, औषध लिहिता येतं, डोस कमीजास्त करता येतो. मला तेच पाहिजे होतं. बारा वर्षं नवशिक्या डॉक्टरांच्या चुका हळूच दुरुस्त करून मी कंटाळले होते. आता त्या उघड दुरुस्त करायच्या होत्या, आणि जमलंच तर थोडा रुबाबही करायचा होता.

पण कोर्समध्ये एक विषय होता नर्सिंग थेअरी, आणि तो मॅडमकडे होता. नर्सिंग म्हणजे काय, पेशंट म्हणजे कोण, त्याला स्वतःचं काय काय करता येतं आणि कुठं अडतं, असलं सगळं त्यात होतं. आम्ही रोज दहा-बारा पेशंट उलटेपालटे करणाऱ्या बायका. आम्हाला पेशंट म्हणजे कोण हे कुणीतरी शिकवावं, याचंच हसू यायचं.

मॅडम मूळच्या लातूरच्या. लातूरचा माणूस पोराला डॉक्टर करायचं ठरवूनच पाळण्यात घालतो. मॅडमना मात्र डॉक्टरकीचा मनापासून राग होता. म्हणजे डॉक्टरांचा नव्हे, नर्सांना चढणाऱ्या डॉक्टरकीचा. कुणीही केस सांगायला उभं राहिलं की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा.

"काय झालंय पेशंटला?"

"न्यूमोनिया, मॅडम."

"ते डॉक्टरचं झालं. नर्सचं सांग."

मग आम्ही ऑक्सिजन सांगायचो, अँटिबायोटिक सांगायचो, छातीच्या एक्सरेत काय दिसतं ते सांगायचो. मॅडम डोळे मिटून ऐकायच्या आणि पुन्हा म्हणायच्या, "हेबी डॉक्टरचंच झालं." एखादी कंटाळून म्हणायची, "मॅडम, त्याला रात्री आडवं होता येत नाही, बसून झोपतो, आणि बायको पाठीला टेकू देऊन जागी राहती." मग मॅडमचा चेहरा खुलायचा. "हां. आता बस खाली."

त्या कुठंही चार गोल काढायच्या. एक माणसाचा, एक त्याच्या भोवतालचा, एक तब्येतीचा आणि एक नर्सचा. फळ्यावर काढायच्या, हजेरीपटाच्या पाठीमागं काढायच्या, केसपेपरच्या कोऱ्या जागेत काढायच्या. कँटीनमध्ये एकदा बोलता बोलता टेबलावरच्या पाण्यात बोटानं चार गोल काढले, तर कँटीनवाल्यानं चार वडे आणून ठेवले. मॅडमनी ते खाल्ले, पण गोलांचं स्पष्टीकरण दिल्याशिवाय त्याला सोडलं नाही. त्या दिवसापासून तो त्यांची ऑर्डर तोंडी घ्यायला लागला.

दुसरी खोड स्टुलाची. पेशंटशी उभ्यानं बोलायचं नाही, असा त्यांचा नियम. वॉर्डात बसायला जागा नसते, म्हणून त्या स्वतःचं लाल प्लास्टिकचं स्टूल घेऊन हिंडायच्या. एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात फायली, आणि पायात साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. डॉक्टरांचा राउंड चालू असला तरी पेशंटच्या उशाशी स्टूल टाकून त्या बसलेल्याच असत. आमचे मोठे सर दोनदा त्यात अडखळले. तिसऱ्यांदा ते स्टुलाला वळसा घालून गेले, आणि मॅडमनी ते थेअरीच्या वाढत्या प्रभावाचं लक्षण मानलं.

त्या दर शनिवारी एसटीनं लातूरला जायच्या. एका शनिवारी त्यांनी तिकीट देणाऱ्या कंडक्टरच्या सुजलेल्या पायाकडं बघून विचारलं, "घरी कोण कोण असतं?" त्या माणसाला आजवर सुट्या पैशांशिवाय प्रवाशानं काही विचारलं नसावं. तो शेजारी बसून घरचं सांगायला लागला, आणि मधल्या दोन स्टॉपांवर बस थांबलीच नाही. उतरायचं राहिलेल्या लोकांनी जो गोंधळ घातला, त्याचं मॅडमना सोमवारपर्यंत वाईट वाटत होतं. कंडक्टरचं बोलणं अर्धवट राहिलं, याचं.

एक मात्र कबूल करायला पाहिजे, त्यांची जीभ तिखट होती आणि ती माणूस बघून तिखट होत नसे. ट्रस्टच्या मीटिंगमध्ये मोठे सर कौतुकानं म्हणाले, "नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे आमचे अर्धे डॉक्टरच." आम्ही सगळ्या फुलून गेलो. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "अर्धे डॉक्टर पाहिजे असले तर पूर्ण डॉक्टर निम्मे करा सर. माझ्या पोरींना हात लावू नका." सर हसले. पुढच्या मीटिंगचं बोलावणं मॅडमना आलं नाही.

ही झाली त्यांची एक बाजू. दुसरी अशी, की दुसऱ्याचं ऐकून घेण्याचं महत्त्व या विषयावर त्या एकदा सलग दोन तास बोलल्या आणि मध्ये कुणाला शब्द काढू दिला नाही. एका मुलीला लघवीला जायचं होतं, तिनं बोट वर केलं, तर म्हणाल्या, "शंका शेवटी."

तर अशा मॅडमच्या तावडीत माझी परीक्षा सापडली.

झालं असं, की बिलोलीकडच्या एका खेड्यातल्या मावशी आमच्याकडे बेशुद्ध होऊन आल्या. साठीच्या असतील. शुगरच्या जुन्या पेशंट, रोज इन्सुलिन घेणाऱ्या. पोरानं जीपमधून आणलं तेव्हा घामानं लुगडं भिजलेलं होतं आणि रक्तातली साखर अडतीस. डॉक्टर यायच्या आत मी ग्लुकोज चढवलं आणि मावशींनी डोळे उघडले. पोरगं माझ्या पाया पडायला वाकलं. "डॉक्टरीणबाई, लई उपकार झाले." मी डॉक्टरीण नाही हे त्याला सांगायला हवं होतं. पण खरं सांगते, मला ते ऐकायला फार गोड वाटलं, आणि मी गप्प बसले.

मोठ्या सरांनी डोस कमी केला. मी मावशींच्या कार्डावर ठळक अक्षरात लिहून दिलं, 'इंजेक्शन जेवणाच्या आधी अर्धा तास', आणि पोराकडून दोनदा वाचून घेतलं. अकरा दिवसांनी मावशी तशाच बेशुद्ध होऊन परत आल्या. मी पुन्हा ग्लुकोज दिलं, पुन्हा डॉक्टरीणबाई झाले. सरांनी डोस आणखी कमी केला. आता मधल्या काळात साखर चारशेच्या घरात जायला लागली, आणि तरी मावशी तिसऱ्यांदा बेशुद्ध होऊन आल्या. या वेळी मी त्यांची केस परीक्षेसाठी घेतली. अवघड केस, म्हणजे चांगले मार्क.

मॅडम स्टूल घेऊन आल्या. बसल्या.

"काय झालंय मावशींना?"

"हायपोग्लायसेमिया, मॅडम. साखर एकदम उतरली."

"ते डॉक्टरचं झालं. नर्सचं सांग."

मी चिडलेच होते. "नर्सचं हेच, की मी त्यांना तीनदा शुद्धीवर आणलं."

"ते ग्लुकोजनं आणलं," मॅडम म्हणाल्या. "तू काय केलंस?"

शेजारच्या कॉटवरची बाईसुद्धा हसली. मॅडमनी माझा नऊ पानांचा फॉर्म हातात घेतला. त्याच्या शेवटच्या पानावर त्यांची सही झाल्याशिवाय मला परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि फॉर्म द्यायची मुदत बरोबर महिन्याची होती. त्यांनी फॉर्म चाळला आणि अट घातली. "ही बाई महिनाभर या वॉर्डात परत आली नाही, तर सही. आली तर पुढच्या वर्षी बघू."

मी प्रिन्सिपल सरांकडे तक्रार केली. पेशंटच्या शरीरावर माझं वर्ष पणाला लावणं हा कुठला न्याय, असं सगळं बोलले. सर म्हणाले, "मॅडमचं तसंच असतंय. जरा सांभाळून घ्या." सांभाळून घेण्याशिवाय दुसरा उपाय त्यांना आयुष्यात कधी सुचला नव्हता.

मग मी मावशींना प्रश्न विचारले, उभ्यानंच. सुई रोज घेता का? "घेती की." कधी? "जेवायच्या आधी." जेवण किती वाजता? "नवाला." काही त्रास? "बरं हाय." सगळी उत्तरं बरोबर होती, ती मी लिहून मॅडमपुढे ठेवली. मॅडमनी वाचलं. "ही तर तुझीच उत्तरं आहेत. कार्डावर तू लिहिलंस, बाईनं तुला ते परत म्हणून दाखवलं. तिचं काय आहे यात? घरी जाऊन ये."

मावशी घरी गेल्यावर पहिल्या सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाची एसटी धरून मी बिलोलीला गेले. तिथून ऑटोनं मावशींचं गाव. रस्ताभर मी चार गोलांना शिव्या घालत होते. मावशींना माझा फार आनंद झाला. मी चहा नको म्हटलं, तर त्यांनी तो दुप्पट साखर घालून केला. मग त्या चुलीपुढं बसल्या आणि मी उंबऱ्यात. घरात त्या, त्यांचे मालक आणि पोरगा. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, तिला दोन महिने झाले होते.

नऊ वाजता मावशींनी सफाईनं पोटावर सुई टोचून घेतली. मालक जेवायला बसले. मावशी एकेक भाकर थापून गरम गरम त्यांच्या ताटात टाकत होत्या. मालक जेवून शेतात गेले. मावशींनी चूल सारखी केली, पाणी भरलं. साडेदहाला पोरगा आला, पुन्हा गरम भाकरी. मी घड्याळ बघत होते.

"मावशी, तुमचं जेवण?"

"आता ह्याचं झालं की खाती. भांडी तेवढी काढती."

"पण सुई तर मघाच घेतली तुम्ही."

"घेतली की. तुम्हीच सांगितलं हुतं ना, जेवायच्या आधी म्हनून."

"कुणाच्या जेवायच्या आधी?"

मावशींनी माझ्याकडं असं बघितलं, की बाई शिकलेली दिसती पण हिला एवढंही कळत नाही.

"मालकाच्या," त्या म्हणाल्या.

मी उंबऱ्यात बसून राहिले. सून घरात होती तेव्हा ती वाढायची आणि मावशी लवकर जेवायच्या, म्हणून इतकी वर्षं काही झालं नाही. सून गेली, चूल मावशींकडे आली, आणि त्यांचं जेवण सगळ्यांच्या मागं गेलं. ज्वारी तीच, सुई तीच, डोसही तोच होता. आम्ही शहाण्यांनी डोस दोनदा बदलला आणि त्या घरात जेवण म्हणजे कुणाचं जेवण, हे एकदाही विचारलं नाही. कार्डावरचं ठळक अक्षर माझंच होतं. मला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त राग आला तो मॅडमचा, कारण त्यांचे ते चार गोल बरोबर निघाले होते.

मी मावशींना म्हटलं, सुई घेतली की आधी तुम्ही खायचं. त्या दचकल्या. "मालकाच्या आधी ताटाला हात लावू? चारचौघींत त्वांड कसं दाखवू मी?" शेतावर जाऊन मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, "मी कवा नगं म्हन्लं? खाय की." त्यांनी कधी नको म्हटलं नव्हतं हे खरं. बायको कधी जेवते, हे त्यांनी चाळीस वर्षांत कधी बघितलंही नव्हतं.

शेवटी मी युक्ती केली. मावशींना सांगितलं की औषधाचे दोन भाग आहेत, एक सुई आणि दुसरी भाकर. नुसतं अर्धं औषध घेतलं तर ते उलटतं. भाकर हे जेवण नाही, औषध आहे, चुलीपाशी उभ्यानं घेतलं तरी चालेल. हे त्यांना पटलं. औषधाला कोण नाव ठेवणार? त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून मी कार्डावर सुई काढली आणि तिला चिकटून भाकर काढली. भाकर चांगली गोल आली. मला तेव्हा फार संताप आला.

मोठ्या सरांनी डोस पुन्हा पहिल्यासारखा केला. मी सगळं फॉर्मात लिहिलं, दुसऱ्या दिवशी मॅडमपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "हे नर्सचं झालं," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं आता सही करतील. त्यांनी पेनचं टोपण लावलं. "महिना होऊ दे."

त्यानंतर मी दिवस मोजायला लागले. वॉर्डाबाहेर जीप थांबली की मी आधी खिडकीकडे धावायचे. एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. मावशींच्या गावातल्या आरोग्यसेविकेला, आशाताईला, फोन केला तर ती म्हणाली, मावशी झकास आहेत, साखर जाग्यावर आहे, शेजारणींना सुई-भाकरीचं चित्र दाखवतात. मी परीक्षेची पुस्तकं काढली. मुदतीला चार दिवस राहिले होते.

त्या रविवारी दुपारी तीन वाजता जीप आली. लुगडं घामानं भिजलेलं होतं आणि साखर चाळीस.

मी ग्लुकोज दिलं. हात आपोआप चालत होते, पण डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, आणि ते मावशींसाठी होतं की माझ्या बुडालेल्या वर्षासाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. मावशी शुद्धीवर आल्या. मी कॉटच्या कडेला बसले.

"मावशी, आज भाकर नाही घेतली?"

"आज कशी घेऊ वं? घरी पाव्हनं आल्तं. पाव्हन्याच्या आधी खाती का कुनी?"

"औषध आहे म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"पाव्हन्याम्होरं चुलीपाशी उभं राहून खाऊ का?"

"कोण आलं होतं एवढं?"

मावशींना आश्चर्य वाटलं. "तुम्हाला म्हाईत न्हाई? तुमच्याच मोठ्या बाई की. लाल स्टूल घेऊन आल्त्या. लई मायाळू हायत. दोन तास बसल्या, माझं समदं इचारलं. मी म्हन्लं, जेवल्याबगर जाऊ देत न्हाई. तीन भाकरी खाल्ल्या बगा, ठेच्यासंगं. त्या गाडीला गेल्या आन् मला तं गरगर यायली."

सोमवारी सकाळी साडेनऊला मी फॉर्म घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम खुशीत होत्या.

"ये, बस. काल मी तुझ्या त्या मावशींकडं जाऊन आले. तुला मुद्दामच सांगितलं नाही. तू लिहिलंस ते खरं आहे का, बघायचं होतं. कार्डावरचं चित्र पाहिलं मी. लातूरला न जाता थांबले, पण जीव निवला. आण तो फॉर्म."

"मॅडम, मावशी काल परत आल्या."

त्यांचा हात टोपणावरच राहिला. "कधी?"

"दुपारी तीनला. साखर चाळीस."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "मी साडेबाराला निघाले तिथून."

"पाहुण्यांच्या आधी त्यांनी खाल्लं नाही," मी म्हटलं. एवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण महिनाभराचं साठलेलं होतं. "तीन भाकरी, मॅडम. ठेच्यासंगं. त्यांनी मोजल्यात."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला नाही, तसाच टेबलावर ठेवला. मला वाटलं होतं की हे ऐकून त्यांचा उतरलेला चेहरा बघायला मला मजा येईल. नाही आली.

त्यांनी चष्मा लावला, फॉर्म ओढला आणि नववं पान काढलं. तिथं एक रकाना होता, 'स्वतःची काळजी घेण्यातले अडथळे'. मी त्यात लिहिलं होतं, सून माहेरी, घरात जेवणाचा क्रम. त्याच्या खाली मॅडमनी तिसरा अडथळा लिहिला. स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पुढं सगळ्या डिग्र्या. अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य होतं. मग त्या पानाच्या तळाशी त्यांनी सही केली आणि तारीख घातली.

फॉर्म माझ्या हातात देऊन त्या उठल्या. कोपऱ्यातलं स्टूल उचललं.

"कितव्या कॉटवर आहेत? मी भेटून येते त्यांना."

"थांबा मॅडम," मी म्हटलं. "आत्ताच सुई दिलीय त्यांना. आधी जेवू द्या."

मॅडमनी स्टूल खाली ठेवलं आणि दाराशीच त्याच्यावर बसून राहिल्या.